चाचणी वीस मिनिटांत, इंजेक्शन मात्र महिन्याने

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्हींची तपासणी एकाच कार्डावर करणाऱ्या रॅपिड टेस्टबद्दल अधूनमधून बातम्या येतात. ‘बोटाच्या एका थेंबात दोन आजारांचे निदान’ असा त्यांचा मथळा असतो. मथळा चूक नाही. पण लागण झालेल्या गरोदर मातेचे बाळ त्या थेंबाने वाचत नाही. ते वाचते पेनिसिलीनच्या इंजेक्शनाने, आणि थेंब व इंजेक्शन यांच्यामध्ये आपल्याकडे अजून कितीतरी दिवस वाया जातात. प्रयोगशाळेत आणि प्रसूतिपूर्व तपासणीच्या टेबलावर हे काम करणाऱ्यांना जे तपशील रोज लागतात, ते बातमीत येत नाहीत, म्हणून हे पत्र.

सिफिलिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी किंवा उपदंश म्हणतात तो, जुना आणि पूर्ण बरा होणारा आजार आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ सालच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात जगभरात जन्मजात सिफिलिसची सुमारे ६ लाख ६१ हजार प्रकरणे झाली. त्यांतल्या १ लाख ४३ हजारांत गर्भ पोटातच गेला किंवा मूल मृत जन्मले आणि ६१ हजार बाळे जन्मानंतर काही दिवसांत दगावली. आईला त्रास जाणवतोच असे नाही. पहिली जखम दुखत नाही, योनीच्या आत असेल तर दिसतही नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते. त्यामुळे ‘तक्रार असेल तर तपासू’ हे धोरण इथे कामाचे नाही. प्रत्येक गरोदर मातेची तपासणी पहिल्याच भेटीत, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांत व्हायला हवी.

पूर्वी हे काम व्हीडीआरएल किंवा आरपीआर चाचणीवर चालायचे. अजूनही बऱ्याच ठिकाणी चालते. आरपीआरच्या कार्डावर १८ मिलिमीटरच्या वर्तुळात ५० मायक्रोलिटर सीरम किंवा प्लाझ्मा (रक्तपेशी वेगळ्या केल्यावर उरणारा द्रव) पसरतात, त्यावर कोळशाचे कण असलेल्या अँटिजेनचा थेंब टाकतात, आणि कार्ड मिनिटाला १०० फेऱ्यांच्या गतीने ८ मिनिटे फिरवतात. त्यासाठी सेंट्रिफ्यूज, रोटेटर, वीज आणि अँटिजेन ठेवायला फ्रीज लागतो. खोलीचे तापमान २३ ते २९ अंशांत असावे लागते. उपकेंद्रात यातले काय असते? म्हणून रक्ताची ट्यूब वर जाते, तिथे नमुने साठले की एकदम लावले जातात, आणि रिपोर्ट पुढच्या तपासणीला येतो. पुढची तपासणी महिन्याने असते. त्या महिन्यात माता माहेरी गेलेली असते किंवा ऊसतोडीच्या टोळीबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात.

रॅपिड टेस्टला यातले काही लागत नाही. बोटातून रक्त, बफरचे (किटसोबत येणाऱ्या द्रवाचे) थेंब, १५ ते २० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गरोदर मातांसाठी एचआयव्ही-सिफिलिसचे जोडकार्ड हीच पहिली चाचणी म्हणून वापरावी, अशी शिफारस केली. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यातही आईकडून बाळाला होणारी दोन्ही आजारांची लागण संपवण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे.

गोंधळ सुरू होतो तो कार्डावर रेघ उमटल्यावर.

कार्डावर तीन रेघांच्या जागा असतात: कंट्रोलची, एचआयव्हीची आणि सिफिलिसची. रेघा एकाच खिडकीत शेजारी शेजारी उमटतात, पण त्यांचे नियम वेगळे आहेत. एचआयव्हीची रेघ उमटली तर तो निष्कर्ष नव्हे, फक्त पहिला इशारा. मातेला आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात, पाठवून आणखी दोन वेगळ्या चाचण्या झाल्याशिवाय कोणीही तिला ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचे नाही. हा नियम योग्य आहे आणि आपल्या कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. गडबड अशी, की तोच नियम नकळत शेजारच्या रेघेलाही लावला जातो. सिफिलिसची रेघ आली की ‘आधी कन्फर्म करून आणा’ म्हणून चिठ्ठी लिहिली जाते, आरपीआरसाठी ट्यूब तालुक्याला जाते आणि इंजेक्शन थांबते.

गरोदर मातेच्या बाबतीत इंजेक्शन थांबवायचे नसते. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर मातांच्या सिफिलिस तपासणीवर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. लांबच्या प्रयोगशाळेवर विसंबण्यापेक्षा जागेवरच चाचणी करावी आणि रेघ उमटली तर पहिला डोस तिथेच द्यावा, हा त्यांचा रोख आहे. आरपीआरसाठी रक्त घ्यायचेच, पण ते इंजेक्शनाच्या आधी घेऊन ठेवायचे. निकालाची वाट पाहत बसायचे नाही. कारण साधे आहे. एचआयव्हीचा चुकीचा शिक्का बसला तर बाईचे घर मोडू शकते. पेनिसिलीनचे एक इंजेक्शन गरज नसताना गेले तर कंबर दोन दिवस दुखते. उलट गरज असताना ते राहिले, तर उपचाराविना असलेल्या सिफिलिसमध्ये निम्म्याहून अधिक गरोदरपणांत बाळावर परिणाम होतो. दोन्ही चुका एका तागडीत टाकण्यासारख्या नाहीत.

आता कार्ड नीट लावण्याबद्दल. ‘सोपी चाचणी’ म्हणून हे काम कोणाच्याही हाती दिले जाते, पण सोपी चाचणी चुकवायलाही सोपीच असते.

किटच्या डब्यावर २ ते ३० अंश सेल्सिअस असे लिहिलेले असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि किट पत्र्याच्या छपराखालच्या भांडारात पडून असते. अशा किटची रेघ पुसट होते किंवा उमटतच नाही. भांडारात साधा थर्मामीटर लावून दिवसातून दोनदा तापमान लिहून ठेवले, तरी निम्मे काम होते. फ्रीजमध्ये ठेवले असेल तर वापरायच्या अर्धा तास आधी बाहेर काढावे. पाकीट थंड असताना फोडले तर पट्टीवर दव धरते आणि रक्त नीट सरकत नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात अडचण ओलीची असते. पाकीट फोडले की कार्ड लगेच वापरायचे. सकाळी सगळी पाकिटे फोडून रांगेने मांडून ठेवण्याची सवय घातक आहे. पाकिटात ओल शोषणारी पुडी नसेल, किंवा रंग बदलणारी पुडी असून तिचा रंग बदललेला असेल, तर ते कार्ड बाजूला टाकावे.

रक्त घेताना मधले किंवा अनामिका बोट घ्यावे, आणि पेराच्या मध्यभागी नव्हे, कडेला टोचावे. हात थंड असेल तर आधी चोळून गरम करावा आणि खाली सोडावा. स्पिरिटचा बोळा फिरवला की बोट पूर्ण वाळू द्यावे. ओल्या स्पिरिटवर रक्त पसरते, थेंब धरत नाही आणि नमुन्यात स्पिरिट मिसळते. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसायचा आणि दुसरा घ्यायचा. बोट पिळायचे नाही, पिळल्यावर रक्ताबरोबर पेशींच्या मधले पाणी येते आणि नमुना पातळ होतो. किटमधल्या ड्रॉपरवर खूण असते. कंपनीप्रमाणे १० किंवा २० मायक्रोलिटर रक्त लागते. नेमका आकडा त्या डब्यातल्या पत्रकात पाहावा, गेल्या महिन्यातल्या डब्यावरून अंदाज करू नये. ड्रॉपरमध्ये हवेचा बुडबुडा आला की रक्त कमी पडते आणि रेघ फिकी होते. रक्त जास्त झाले तर खिडकीची पार्श्वभूमी लाल राहते आणि फिकी रेघ त्यात बुडते. मातेचे शिरेतले रक्त रक्तगट वगैरेसाठी घेतलेच असेल, तर त्याच ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमधले वापरावे. पुन्हा बोट टोचायची गरज नाही.

बफरची बाटली उभी धरून थेंब सोडायचे. आडवी धरली तर थेंबाचा आकार बदलतो. एका डब्यातले बफर दुसऱ्या डब्यातल्या कार्डाला वापरायचे नाही, कंपनी एकच पण लॉट नंबर वेगळा असेल तरीही नाही. बफर संपले म्हणून सलाइन किंवा डिस्टिल्ड वॉटर घालणे म्हणजे चाचणी न करणेच. किंबहुना त्याहून वाईट, कारण रजिस्टरमध्ये ‘निगेटिव्ह’ अशी नोंद होते.

कार्डावर मातेचा क्रमांक आणि सुरुवातीची वेळ रक्त टाकण्याआधी लिहायची. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी ओसरीत गर्दी असते. तेव्हा दहा कार्डे एकदम लावली जातात आणि घड्याळाकडे कोणाचेच लक्ष नसते. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने कार्डे लावावीत आणि एका वेळी चार-पाचच्या पुढे जाऊ नये, म्हणजे प्रत्येक कार्ड आपापल्या वेळेला वाचता येते. पंधरा मिनिटांच्या आत वाचले तर फिकी रेघ अजून उमटलेली नसते. पत्रकात दिलेली कमाल वेळ, बहुतेक किटमध्ये २० मिनिटे, उलटून गेली की कार्ड वाळते आणि नसलेली रेघ दिसू लागते. दुपारी जेवणानंतर ट्रे उचलून सकाळची कार्डे वाचणे हा दोन्ही बाजूंनी तोटा आहे.

फिकी रेघ ही रेघच. ‘किंचित’, ‘संशयास्पद’, ‘पुसट’ असे शेरे रजिस्टरमध्ये दिसतात. चाचणीत असा तिसरा निकाल नसतो. वेळेत रेघ दिसली तर रिअ‍ॅक्टिव्ह, दिसली नाही तर नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, आणि कंट्रोलची रेघ नसेल तर बाद. बाद झालेले कार्ड फेकून नवे लावायचे. रेघेची गडदता आजाराची तीव्रता सांगत नाही. खोलीत पुरेसा उजेड नसेल तर खिडकीपाशी जाऊन वाचावे, आणि शक्य असेल तिथे दुसऱ्या व्यक्तीने पहिलीचे उत्तर न ऐकता वाचावे.

कंट्रोलच्या रेघेवर लोकांचा फारच विश्वास असतो. बऱ्याच किटमध्ये ती रेघ फक्त एवढेच सांगते, की द्रव पट्टीवरून शेवटपर्यंत सरकला. रक्त घालायचे विसरून नुसते बफर घातले तरी ती उमटते. म्हणून बाहेरचा कंट्रोल लागतो. माहीत असलेला एक रिअ‍ॅक्टिव्ह आणि एक नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह नमुना आठवड्यातून एकदा लावावा, नवा लॉट आला की लावावा, नवा माणूस टेबलावर बसला की लावावा, आणि भांडारातले तापमान चढल्याचे लक्षात आले तरी लावावा. तालुक्याच्या प्रयोगशाळेने असे नमुने छोट्या ट्यूबमध्ये भरून केंद्रांना पुरवले, तर खर्च नगण्य आहे. आजवर जिथे तपासणी पथके जातात तिथे ती रजिस्टर पाहतात. कार्ड कसे लावले जाते ते उभे राहून पाहणारे पथक विरळाच.

या चाचणीची एक मर्यादा डॉक्टरांनाही पुष्कळदा विसरायला होते. रॅपिड कार्ड ट्रेपोनेमल प्रकारचे आहे. ते सिफिलिसच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे पकडते, आणि ही प्रतिपिंडे उपचार पूर्ण झाल्यावरही बहुतेकांच्या रक्तात आयुष्यभर राहतात. म्हणजे मागच्या बाळंतपणात तीन इंजेक्शने घेऊन बरी झालेली बाई या बाळंतपणातही रिअ‍ॅक्टिव्हच येणार. तिच्यासाठी पुन्हा हेच कार्ड लावून काही कळत नाही. तिचे आरपीआर करून टायटर, म्हणजे सीरम किती पट पातळ केले तरी चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह येते तो आकडा, पाहावे लागते. उपचारानंतर १:३२ चे १:८ झाले, म्हणजे दोन पायऱ्या उतरले, तर उपचार लागू पडला. १:४ चे १:१६ झाले तर लागण नव्याने झाली किंवा आधीचा उपचार अपुरा होता. याउलट आरपीआर हे जंतूला थेट पकडत नाही, त्यामुळे नुसत्या गरोदरपणात, मलेरियात, कुष्ठरोगात किंवा ल्यूपससारख्या आजारात ते खोटे पॉझिटिव्ह येऊ शकते, बहुधा १:८ पेक्षा कमी टायटरमध्ये. आणि दुसऱ्या टोकाला, प्रतिपिंडे प्रचंड प्रमाणात असली तर न पातळ केलेल्या सीरममध्ये आरपीआर खोटे निगेटिव्ह येते. याला प्रोझोन म्हणतात. कार्ड रिअ‍ॅक्टिव्ह, अंगावर पुरळ, आणि आरपीआर निगेटिव्ह असे चित्र दिसले, तर तंत्रज्ञाने सीरम १:१६ पर्यंत पातळ करून पुन्हा लावावे.

म्हणून रिपोर्टवर कोणती चाचणी केली ते स्पष्ट लिहिले पाहिजे. छापील कागदावर अजून ‘व्हीडीआरएल’ असा रकाना असतो. रॅपिड कार्डाचा निकाल त्यातच भरला जातो, आणि पुढचा डॉक्टर त्यावरून आजार सक्रिय असल्याचे गृहीत धरतो किंवा टायटर का नाही म्हणून मातेला परत पाठवतो. रबरी शिक्का मारून ‘रॅपिड ट्रेपोनेमल’ आणि ‘आरपीआर टायटर’ असे दोन रकाने करणे कोणत्याही केंद्राला आज जमेल.

निगेटिव्ह निकालाचाही अर्थ सांगावा लागतो. लागण अगदी ताजी असेल तर प्रतिपिंडे अजून तयार झालेली नसतात आणि कार्ड कोरे राहते. म्हणून सातव्या महिन्यानंतर पुन्हा एक चाचणी असावी, निदान जोखीम जास्त असलेल्या मातांची तरी. एकदाही चाचणी न झालेली माता प्रसूतीला आली तर प्रसूतिगृहातच कार्ड लावावे.

इंजेक्शनाकडे वळू. औषध एकच, बेंझाथिन पेनिसिलीन, २४ लाख युनिट, स्नायूत. लागण ताजी असल्याची खात्री असेल तर एकदाच. जुनी असेल किंवा केव्हाची ते ठाऊक नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. नुसत्या कार्डावरून लागण केव्हाची ते कळत नाही, त्यामुळे बहुतेक मातांना तीन डोस लागतात. गरोदरपणात हे अंतर सात दिवसांचेच असावे. नऊ दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर तीनही डोस पुन्हा पहिल्यापासून द्यायचे, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आणि बाळासाठी उपचार पुरेसा धरायचा तर तो प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी सुरू झालेला असावा लागतो. पाचव्या महिन्यात कार्ड लावून आठव्या महिन्यात इंजेक्शन देण्याचा हिशेब इथे कोलमडतो.

‘पेनिसिलीनच ना’ म्हणून क्रिस्टलाइन पेनिसिलीनची कुपी उचलण्याची चूक होते. सिफिलिसचा जंतू अतिशय सावकाश वाढतो, दुप्पट व्हायला त्याला तीस तासांहून अधिक लागतात. त्यामुळे औषध रक्तात थोडेच पण बरेच दिवस टिकावे लागते. क्रिस्टलाइन काही तासांत लघवीवाटे निघून जाते. बेंझाथिन स्नायूत साठून हळूहळू झिरपते. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचेही तेच. अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा इरिथ्रोमायसिन आईला थोडेफार लागू पडेल, पण वारेतून बाळापर्यंत पुरेसे पोचत नाही. डॉक्सीसायक्लिन गरोदरपणात द्यायचेच नाही. सुरक्षा क्लिनिकमधले (लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यातले) पांढरे किट, ज्यात २४ लाखांची कुपी असते, ते संपले म्हणून गरोदर मातेला गोळ्यांचे निळे किट देऊन वाटेला लावणे म्हणजे बाळाला विनाउपचार सोडणे. खरीखुरी पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असेल तर तिला जिल्हा रुग्णालयात दाखल करून, थोड्याथोड्या वाढत्या मात्रेने शरीराला सवय लावून पेनिसिलीनच द्यावे लागते.

कुपी तयार करतानाही हात बसावा लागतो. बेंझाथिन विरघळत नाही, दुधासारखे गढूळ होते आणि ठेवले की तळाला बसते. पत्रकात दिलेले पाणी घालून कुपी हलवायची, लगेच ओढायचे आणि लगेच द्यायचे. सुई २१ गेज किंवा त्याहून जाड. बारीक सुईत ते अडकते, मग सुई काढून पुन्हा टोचावे लागते, निम्मे औषध बाहेर सांडते आणि डोस ‘पूर्ण’ म्हणून लिहिला जातो. २४ लाखांचे दोन समान भाग करून दोन्ही बाजूंच्या नितंबांत, वरच्या बाहेरच्या भागात, सावकाश पण मध्ये न थांबता द्यावे. टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून पाहायचा, रक्त आले तर जागा बदलायची. हे औषध शिरेत गेले तर जीवघेणे ठरू शकते.

डॉक्टर हे इंजेक्शन उपकेंद्रात किंवा छोट्या केंद्रात द्यायला कचरतात ते अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या, म्हणजे औषधाच्या जीवघेण्या तीव्र प्रतिक्रियेच्या, भीतीने. भीती समजण्यासारखी आहे, कारण काही विपरीत घडले तर जमाव दवाखान्याच्या काचा फोडतो. पण तीव्र प्रतिक्रिया विरळा आहे आणि तिचा उपाय स्वस्त आहे. १:१००० ची अ‍ॅड्रेनालिन, ०.५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, लगेच. ट्रेमध्ये दोन अँप्युल, सिरिंज, सलाइनचा सेट आणि ऑक्सिजन असावा, आणि मातेला इंजेक्शनानंतर अर्धा तास बसवून ठेवावे. टेस्ट डोस द्यायचा असेल तर त्याच बैठकीत द्यावा, त्यासाठी दुसऱ्या दिवशी बोलावू नये. तेच बेंझाथिन, १२ लाखांच्या डोसमध्ये, संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी वर्षानुवर्षे दिले जाते. तिथे कोणी पुढे ढकलत नाही. पहिल्या डोसनंतर चोवीस तासांत थंडी-ताप येऊ शकतो, तो औषधाच्या अ‍ॅलर्जीचा नसून मेलेल्या जंतूंमुळे येतो. हे आधीच सांगितले आणि पॅरासिटामॉल दिले, तर माता दुसऱ्या डोसला येते. पोटात कळा आल्या किंवा बाळाची हालचाल मंदावली तर मात्र तिने तडक रुग्णालयात यावे.

साठ्याचा प्रश्न खरा आहे. बेंझाथिन स्वस्त असल्याने त्यात कंपन्यांना रस कमी. २०२३ मध्ये अमेरिकेतही त्याची टंचाई झाली आणि तिथे उरलेला साठा गरोदर महिलांसाठी राखून ठेवण्याच्या सूचना निघाल्या. आपल्याकडे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात निदान एका मातेचा पूर्ण कोर्स, म्हणजे २४ लाखांच्या तीन कुप्या, ‘गरोदर मातांसाठी’ अशी चिठ्ठी लावून वेगळ्या ठेवाव्यात. एक माता आली की त्याच दिवशी तेवढ्यांची मागणी वर जावी. किटची मागणी आणि कुप्यांची मागणी वेगवेगळ्या कागदांवर, वेगवेगळ्या विभागांकडे जाते, म्हणूनच किट असते तेव्हा औषध नसते.

स्थलांतर हा आपल्या राज्याचा खास अडसर. बीडकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. पहिला डोस गावात, दुसरा फडावर, तिसरा कुठेच नाही, असे होऊ नये म्हणून माता-बाल संरक्षण कार्डावर डोसची तारीख आणि आरपीआरचा टायटर लिहून द्यावा. आजाराचे नाव ठळक न लिहिता केंद्राला कळेल अशा खुणेने लिहावे, कारण ते कार्ड सासूपासून शेजारणीपर्यंत सगळे पाहतात. नवऱ्याची तपासणी आणि उपचार झाले नाहीत तर आईला पुन्हा लागण होते, म्हणून त्यालाही बोलवावे लागते. ते काम निरोप धाडून होत नाही, बाईच्या संमतीने, एकेकाला वेगळे बसवून करावे लागते. एचआयव्हीचा निकाल लेखी संमतीविना इतरांना सांगण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. तरी कार्डाचे फोटो नावासकट व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘रिपोर्टिंग’ म्हणून टाकले जातात. ते आजच बंद व्हावे.

इतर लैंगिक आजारांबाबत एवढेच. परमा आणि क्लॅमिडिया यांच्यासाठी बोटाच्या रक्तातून होणारी भरवशाची चाचणी नाही. क्लॅमिडियाच्या स्वस्त पट्ट्या बाजारात व ऑनलाइन मिळतात, पण त्या बऱ्याच लागणी सोडून देतात. निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नये. खरी चाचणी जनुकीय, जीनएक्स्पर्टच्या कार्ट्रिजवर सुमारे दीड तासात होते, आणि बाईने स्वतः घेतलेला योनीतला स्वॅब तिला चालतो. ही यंत्रे आपल्याकडे क्षयरोगासाठी आधीच बसवलेली आहेत, अडचण कार्ट्रिजच्या किमतीची आणि यंत्राच्या वेळेची आहे. तोवर जे हाताशी आहे ते तरी वापरले जावे. पुरुषाच्या स्रावाची ग्रॅम स्टेन स्लाइड परम्याचे निदान दहा मिनिटांत करते. स्त्रियांच्या पांढऱ्या पाण्यासाठी पीएच कागद, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब आणि सलाइनमधली ओली स्लाइड एवढे पुरते. ट्रायकोमोनास हा परजीवी हलताना दिसला तरच ओळखता येतो, म्हणून स्लाइड दहा मिनिटांच्या आत पाहायची. सूक्ष्मदर्शक बहुतेक केंद्रांत आहे. ओली स्लाइड पाहणारे कमी झाले, कारण रंगीत किट फोडून देणे सोपे वाटते.

शेवटचा मुद्दा बाळाचा. जन्मलेल्या बाळाला रॅपिड कार्ड लावू नये. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात येतात आणि वर्ष-दीड वर्ष टिकू शकतात, त्यामुळे कार्ड रिअ‍ॅक्टिव्ह येणारच आणि त्यातून काही ठरत नाही. बाळाच्या शिरेतले रक्त घ्यावे, नाळेतले नव्हे, आणि आई-बाळाचे आरपीआर एकाच वेळी, एकाच प्रयोगशाळेत लावावे. बाळाचा टायटर आईच्या चौपट किंवा अधिक असेल, बाळाला लक्षणे असतील, किंवा आईचे इंजेक्शन शेवटच्या ३० दिवसांत झाले असेल किंवा झालेच नसेल, तर बालरोगतज्ज्ञांनी बाळावर उपचार सुरू करावेत. यासाठी प्रसूतिगृहातल्या सिस्टरला आईच्या डोसची तारीख माहीत असावी लागते. जिल्हा पातळीवरच्या मासिक अहवालात ‘किती मातांची चाचणी झाली’ हा रकाना आहेच. त्याच्या शेजारी ‘रिअ‍ॅक्टिव्ह निकाल ते पहिले इंजेक्शन, किती दिवस’ असा एक रकाना आरोग्य विभागाने वाढवावा, आणि तिथे शून्य सोडून दुसरा आकडा आला तर कारण लिहायला लावावे.

आपले,
शासकीय रुग्णालयांत प्रयोगशाळा व प्रसूतिपूर्व तपासणीचे काम करणारे काही तंत्रज्ञ आणि परिचारिका